विहिरीभोवती ओढलेली तार

उत्तमराव बातमीच्या बाबतीत फार चिक्कू होता. दुसऱ्याची बातमी तो ओंजळ पसरून घ्यायचा. आपली द्यायची वेळ आली की नुसता खिसा चाचपायचा. यंदा हरभरा कोणता पेरला, वांग्यावर काय फवारलं, भाजी मालेगावात कोणाला घातली, हे त्याच्या बायकोला, गोजराबाईला, विचारलं तर ती म्हणायची, "मले काय माहीत बाप्पा, त्यायलेच इचारा." आणि त्याला विचारलं तर तो म्हणायचा, "पाहू आता." सून सुचिता घरात येऊन बरेच दिवस झाले होते, पण सासऱ्याला, मामाजींना, चहात साखर किती लागते हे तिला अजून अंदाजानंच ठरवावं लागत होतं.

तेव्हा विहिरीभोवती तार ओढताना त्यानं कोणाला सांगितलं नाही, यात नवल काही नाही.

त्याचं वावर मेडशीपासून बरंच आत, पांदणीच्या कच्च्या वाटेनं पार शेवटाला. त्याच्यापुढं टेकडी आणि टेकडीपुढं जंगल. घर नाही, दार नाही. दिवसा ओरडलं तर ऐकायला शेजारच्या वावरातला बाबूसिंग तेवढा, आणि अंधार पडला की तोही तांड्यावर जायचा. दिवाळीनंतर या शिवाराला चोरांची दृष्ट लागली. आधी कोणाच्या स्प्रिंकलरचे पितळी नोझल गेले, मग कोणाचा केबल गेला. मग एकाची अख्खी मोटरच विहिरीतून ओढून नेली. खाली पाण्यात तोडलेला पाइप तेवढा डुलत राहिला.

मग ज्यानं त्यानं आपापल्या अकलेप्रमाणं बंदोबस्त केला. देवमन रोज संध्याकाळी स्टार्टर खोलून पोत्यात घालून घरी न्यायचा, तापानं फणफणलेलं पोर न्यावं तसा छातीशी धरून. एकानं वाशीमहून खोटा कॅमेरा आणून बाभळीवर टांगला. तो पहिल्याच आठवड्यात चोरीला गेला. उत्तमरावानं कुलूप घातलं, साखळी घातली, पायपांवर लाल रंगानं स्वतःचं नाव लिहिलं, म्हणजे चोराला निदान कोणाचा माल नेतो हे तरी कळावं. आणि तरी एका सकाळी त्याच्या मोटरीचा केबल कापलेला निघाला.

ही बातमी त्याच्या दारात घेऊन आला तो बाबूसिंग. थंडीत कुडकुडत, धावत आला होता. "भाऊ, तुमचा केबल गेला ना. चाला लवकर, मोटर तरी हाय का पाहू."

उत्तमरावानं त्याला चहा पाजला आणि मनात एक नोंद केली. ज्याला सगळ्यात आधी ठाऊक, त्याचाच हात. या हिशेबात बाबूसिंगचं वावर लागून आहे, तो पहाटेच कामाला येतो, तेव्हा पहिली नजर त्याचीच पडणार, ही बाजू उत्तमरावानं मांडलीच नाही. दरसाल ऊसतोडीला जाणारा हा माणूस यंदाच कसा गावात राहिला, हे मात्र त्यानं ठळक अक्षरात मांडलं. बाबूसिंगची बायको हिरीबाई आजारातून उठली होती म्हणून तो गेला नव्हता, हे सगळ्या शिवाराला माहीत होतं. पण उत्तमरावाला फुकट मिळालेली माहिती खरी वाटत नसे.

नवा केबल टाकला आणि त्याच दिवशी त्यानं तार ओढली. रानडुकरांसाठी बॅटरीवरची झटका मशीन मिळते, ती जनावराला चटका देते आणि सोडून देते. तिची बॅटरीच नेतील, असं उत्तमराव स्वतःशी म्हणाला, आणि दुसरा विचार करायचं टाळून त्यानं तार सरळ लाईनलाच जोडली. विहिरीच्या कठड्यावरून, स्टार्टरच्या पेटीवरून, पायपांच्या ढिगाभोवती. खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. काम मोठं नेटकं झालं. बायकोनं विचारलंच तर वालाचे वेल चढवायचे आहेत म्हणून सांगायचं, हेही ठरवून ठेवलं. पण गोजराबाईचे गुडघे धरले होते, ती वावरात फिरकलीच नाही.

हिशेब असा होता. वावरातली लाईन चोवीस तास नसते. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. हा आठवडा रात्रीचा. रात्री लाईन आली की ऑटो स्विच आपोआप मोटर सुरू करणार आणि तार जिवंत होणार. सकाळी लाईन गेली की तार म्हणजे नुसती तार. कपडे वाळत घाला. पुढच्या आठवड्यात दिवसाची लाईन लागायच्या आधी ती सोडवून टाकायची. या हिशेबात चूक नव्हती. वेळापत्रक दुसऱ्याच्या हातात होतं, एवढंच.

पहिल्याच सकाळी कठड्यापाशी मुंगूस पडलेलं दिसलं. ताठ. ओठ मागं ओढले गेले होते आणि बारीक पांढरे दात दिसत होते, हसल्यासारखे. उत्तमराव थोडा वेळ त्याच्याकडं पाहत उभा राहिला. मग फावड्यानं तुरीच्या ओळीत खड्डा करून त्यानं ते पुरलं आणि कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही, पण माल सुरक्षित आहे असंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

आज तो वांगी आणि मेथी घेऊन मालेगावला आला होता. माल लवकर उठला. बसस्टँडजवळच्या हॉटेलात तो चहा घेऊन बसला आणि आजूबाजूच्या दोन-तीन खिशांतले फोन एकदमच वाजले. त्याचाही वाजला. लाइनमन धनराजनं शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं: आजपासून रात्रीची लाईन बंद, दुपारी बारापासून दिवसाची.

"वा रे धनराज!" शेजारचा एक जण म्हणाला. "आता थंडीत मराले जानं वाचलं."

"देव भलं करो त्याचं," दुसरा म्हणाला. "माही बायको म्हने, तुमचं लगन मोटरीसंगंच लावाले पाह्यजे होतं."

सगळे हसले. उत्तमरावही हसला, कारण तोंड तसंच उघडं राहिलं होतं. बारा वाजायला अजून अवकाश होता. वावरात आज कोणी नाही, तो मनाशी म्हणाला. गोजरा घरी. मजूर नाही. मग त्याला बाबूसिंग आठवला. बाबूसिंगच्या विहिरीनं यंदा तळ दाखवला होता. दुपारी भाकर खाल्ली की तो उत्तमरावाच्या विहिरीवर पाणी प्यायला यायचा. रोज. पाण्याला नाही कसं म्हणणार, म्हणून उत्तमरावानं त्याला कधी अडवलं नव्हतं.

हे आठवलं. आणि आठवूनही त्यानं कपातला चहा संपवला.

फार वेळ लागला नाही त्याला. चार-पाच घोट. पण ते घोट त्यानं घेतले, आणि पुढं ज्या ज्या वेळी हा दिवस त्याच्या डोळ्यासमोर आला त्या त्या वेळी चहाची ती चव आधी जिभेवर आली.

कप ठेवून त्यानं घरी फोन लावला. खात्री करून घ्यावी, एवढंच. गोजराबाईचा फोन सुचितानं उचलला.

"सासू कुठं हाय तुही?"

"वावरात गेल्या ना मामाजी."

"कोनत्या वावरात?"

"कोनत्या म्हंजे? आपल्याच. आसरांची ओटी भराले. मोटर चोरीले जाऊ नये म्हून नवस बोलल्या होत्या ना त्या. तुमचा केबल गेला तवाच बोलल्या. आज गुडघे जरा बरे होते, तं निघाल्या."

विहिरीच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड होते, पाण्यातल्या साती आसरांचे. तारेच्या आत.

"फोन काहून नेला नाई तिनं?"

"आसरांकडं जातानी बोलत नाई म्हने. भरदुपारी विहिरीवर कोनी नावानं हाक मारली तं ओ द्याची नाई, मांगं वळून पाहाचं नाई. आसराच वळखीच्या आवाजात बलावतात म्हने. मले बी सांगून गेल्या, मांगून आवाज देऊ नोको म्हून. काहून मामाजी? काई पाह्यजे होतं काय?"

"नाई," उत्तमराव म्हणाला. सवयीनं म्हणाला. आणि गाडीकडं पळाला.

मोटरसायकलला किक लागेना. लागली तेव्हा रिकामं क्रेट मागं धाडकन पडलं, ते त्यानं उचललं नाही. ज्या माणसानं आयुष्यात रस्त्यावरचा खिळाही सोडला नव्हता, तो क्रेट टाकून निघाला.

आसरांना आधी पाणी लागतं. त्याच विहिरीचं, त्याच वेळी शेंदलेलं. दगड धुवायचे, मग हळद-कुंकू, मग ओटी. म्हणजे गोजरा आधी बादली घेणार. बादली सोडायला कठड्यावर वाकणार. गुडघे दुखतात म्हणून आधाराला हात टेकणार. कठड्यावर.

त्याला मुंगसाचे दात दिसले.

मालेगाव मागं पडलं तसा त्यानं गाडी कडेला घेऊन धनराजला फोन लावला. वाऱ्यात आवाज नीट येत नव्हता.

"धनराज, आपल्या फिडरची लाईन नोको सोडू आज. थोडा वेळ थांब."

"काका, बटन माह्या हातात राह्यते काय? मी खांबावर हाय. सबस्टेशनवाल्यानं सोडली का आली. काहून पन?"

इथं उत्तमरावाला खरं बोलायचं होतं. त्यानं तोंडही उघडलं. पण पलीकडच्या तालुक्यात डुकरासाठी लावलेल्या तारेवर एक माणूस मेला होता आणि तार लावणारा अजून जेलात होता, हे त्याला आठवलं. आणि धनराजला सांगितलं की ते खांबाखांबावर पोचणार.

"केबल तुटला माहा. मोटर जळन."

"बस? ऑटो बंद करा ना मंग."

"मी मालेगावात हाय."

"तं कोनाले सांगा. काका, तुमच्या एका मोटरीसाठी साऱ्या शिवाराची लाईन बंद ठेवू? लोक मलेच खांबाले बांधतीन." तो हसला. "जनावर चिकटलं काय? मानूस चिकटला काय? तसं असन तं बोला, आत्ता बंद कराले लावतो."

"नाई, नाई. तसं काई नाई," उत्तमराव घाईघाईनं म्हणाला.

"मंग चहा प्या," असं म्हणून धनराजनं फोन ठेवला.

उत्तमराव गाडीवर बसला आणि काही अंतर गेल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. बायकोचा जीव समोर ठेवला होता आणि आपण आपली लाज उचलली. तो पुन्हा थांबला, पुन्हा नंबर लावला. धनराजचा फोन लागेना. लाईनीची बातमी वाचून सारं शिवार त्यालाच फोन लावत असणार. रस्त्यावरून मेडशीची एसटी त्याला मागं टाकून गेली. खिडकीतून एका ओळखीच्या बाईनं हात केला. त्यानंही केला.

राहिला एकच माणूस. त्या वावराच्या हाकेच्या अंतरावर असणारा एकच माणूस, आणि त्याचा नंबर उत्तमरावाच्या फोनमध्ये 'शेजारी' या नावानं होता. नाव घालायलासुद्धा त्याचा हात आखडला होता. बाबूसिंगला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की बाबा रे, तार लावली आहे. कोणासाठी लावली आहे, हा प्रश्न तिथंच उभा राहणार. अंगठा स्क्रीनवर थांबला. मग त्याच्या डोळ्यापुढं गोजराबाईचा हात आला, हिरव्या बांगड्यांचा, कठड्याकडं जाणारा, आणि अंगठा खाली गेला.

रिंग वाजत राहिली. बाबूसिंगच्या वावरात एका मोहाच्या झाडाखाली तेवढी रेंज यायची. तो झाडाखाली असेल तर. फोन तिथं टांगलेल्या पिशवीत असेल तर. रिंग संपली. त्यानं पुन्हा लावला.

"हां, बोला भाऊ. आज कशी आठोन आली गरिबाची?"

"कुठं हायेस तू?"

"वावरात. कुठं राहीन? तूर सोंगून राह्यलो, विळा हातातच हाय."

"माह्या विहिरीकडं पाह्य. कोनी दिसते काय?"

"वहिनी हायेत ना. आत्ताच आल्या. आमची हिरी बी गेली त्यायच्यासंगं बादली घेऊन. वहिनीचे गुडघे दुखतात म्हने, तं ही पानी काढून देते." तो हसला. "आज दोघी मुक्या झाल्या. मी राम राम केला तं माह्याकडं पाहात बी नाईत."

दोघी.

"बाबूसिंग. विहिरीले हात नोको लावू देऊ. तार हाय तिथं. करंटाची."

"कोनती तार? ते नवी ओढली ते?"

"म्या लावली. कठड्यावरून."

"पन लाईन तं रातची..."

"आजपासून दिवसाची झाली. येईनच आता. ऑटो चालू हाय. बाबूसिंग, धाव ना बापा."

पलीकडं विळा टाकल्याचा आवाज झाला. मग वाळल्या तुराट्यांतून कोणीतरी पळाल्याचा आवाज आला, लांबून "वहिनी, ओ वहिनी" अशी हाक आली, आणि फोन बंद झाला.

नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. मागं वळून पाहायचं नाही. बाबूसिंग घसा फाटेपर्यंत ओरडला तरी गोजरा वळणार नव्हती. उलट जितका ओळखीचा आवाज, तितकी ती मान ताठ धरून पुढं जाणार. ती शब्दाची पक्की होती. तीस वर्षांत तिनं एक उपास मोडला नव्हता, चहा दिसला तरी नाही.

मेडशीच्या पुढं त्यानं गाडी पांदणीत घातली. चाकोरीत धूळ गुडघाभर. गाडी डावी-उजवीकडं फेकली जायची. दोन्ही बाजूंनी हरभरा घाटे धरून उभा. कुठं माणूस नाही. रिकाम्या वावरांत स्प्रिंकलरचे पाइप उभे होते, माना वळवून, गप्प. ते गप्प आहेत तोवर ठीक आहे, एवढंच त्याला कळत होतं. तो त्यांच्याकडंच पाहत चालला होता.

आणि उजवीकडच्या वावरात एक नोझल खाकरलं. थोडं पाणी थुंकलं. मग फिरायला लागलं.

त्याच्या पुढचं लागलं. मग त्याच्या पलीकडचं. देवमनच्या वावरात, त्याच्या वरच्या वावरात, एकामागून एक फवारे उठले आणि उन्हात लखलखत गोल फिरू लागले. टक टक टक टक. सारं शिवार टकटकायला लागलं. शेतकऱ्याला याहून गोड आवाज नाही. उत्तमरावाला दर 'टक'ला कोणीतरी छातीवर मारतंय असं वाटत होतं. लाईन आली होती. त्याच्या पुढं पळत गेली होती. तो धुळीत अडखळत होता आणि ती तारेवरून केव्हाच पोचली होती.

शेवटच्या चढाला गाडी आडवी झाली. पाय खाली अडकला, तो त्यानं ओढून काढला आणि पळत सुटला. चप्पल एक राहिली.

चढावरून त्याचं वावर दिसतं. सगळ्या शिवारात फवारे नाचत होते आणि शेवटाला टेकडीखाली त्याचं वावर तेवढं कोरडं, गप्प होतं. त्याचं एकही नोझल फिरत नव्हतं.

याचे अर्थ दोन होते. बाबूसिंगनं डीपीवरचे, म्हणजे खांबाजवळच्या वीजपेटीतले, फ्यूज काढले असतील. नाहीतर तारेला काहीतरी चिकटलं असेल आणि फ्यूज आपोआप उडाला असेल. उत्तमराव जागच्या जागी थांबला. पुढं जावंसं वाटेना. जोवर इथं उभा आहे तोवर दोन्ही अर्थ आहेत. खाली गेलं की एकच राहील.

मग खालून आवाज आला. बाईचा. कडकडून शिव्या देणारा.

"ढेकळं मारली मले! लगनाच्या बायकोले! पाह्य, टेंगूळ आलं पाह्य! येडा झाला हा मानूस, तूर सोंगता सोंगता येडा झाला!"

उत्तमराव बांधावर बसला, मग बसल्याबसल्याच खाली घसरत गेला.

विहिरीपासून थोडं लांब, हरभऱ्यात, हिरीबाई कपाळाला पदर लावून उभी होती. तिच्या पायापाशी बादली आडवी पडली होती. गोजराबाई जमिनीवर बसली होती, ओटीचं ताट मांडीवर, तांदूळ सांडलेले, नारळ गडगडत तुरीच्या ओळीत गेलेला. बाबूसिंग तिच्यासमोर उकिडवा बसला होता आणि श्वास घेत होता, भात्यासारखा.

"हाक मारली तं वळेना," तो उत्तमरावाकडं न पाहता म्हणाला. "एक बी वळेना. हिरीनं बादली कठड्यावर ठेवली होती. डीपी तिकडं, विहीर इकडं. कुठं पळू? मंग ढेकळं मारत मारत डीपीकडं पळालो. ढेकूळ लागलं तवा कुठं या मांगं सरल्या."

"मी म्हनलं आसरा कोपल्या," गोजराबाई म्हणाली. "आसरा ढेकळं मारून राह्यल्या म्हनलं." मग तिनं मान वर केली. "अन हा म्हनते तुमी तार लावली. करंटाची. खरं हाय काय?"

"चोरासाठी," उत्तमराव म्हणाला.

"मले सांगितलं नाई."

"गावात झालं असतं. चोराले कळलं असतं."

"मले सांगितलं असतं तं गावात झालं असतं?" ती म्हणाली. तिनं ताटातलं कुंकू बोटानं सारखं केलं, जणू तेवढंच काम उरलं होतं. "मोटर वाचावी म्हून मी आली होती. मोटरीसाठी."

आतापर्यंत हिरीबाईच्या शिव्या थांबल्या होत्या. ती कठड्याकडं पाहत होती.

बाबूसिंग उठला. त्यानं कपाळाचा घाम उपरण्यानं पुसला.

"भाऊ," तो म्हणाला, "मी रोज इथं पानी प्याले येतो. दुपारच्याला. ठाऊक हाय ना तुमाले?"

"हाय."

"ही तार कोन्या चोरासाठी लावली?"

टक टक टक, शिवारभर फवारे फिरत होते. उत्तमरावाला 'पाहू आता' म्हणायची सवय होती, तेही जिभेवर आलं नाही. तो खाली पाहत राहिला. त्या गप्प बसण्यात उत्तर होतं, आणि ते तिघांनीही ऐकलं. हिरीबाईनं पदर तोंडावर घेतला.

"मले वाटलंच," बाबूसिंग सावकाश म्हणाला. "केबल गेला तवाचा तुमचा चहा मले कडू लागला होता. पन मंग आज माह्याच नंबरावर फोन काहून केला?"

"दुसरं कोनी नव्हतं," उत्तमराव म्हणाला. त्या दिवशी समोरासमोर बोललेलं हे त्याचं पहिलं पूर्ण खरं वाक्य असावं. मग तो म्हणाला, "मी चहा पीत होतो. मले ठाऊक होतं तू येतं पानी प्याले. तरी चहा पेलो." हे कोणी विचारलं नव्हतं.

बाबूसिंगनं पायानं एक ढेकूळ फोडलं.

"तार काढा," गोजराबाई म्हणाली. "आधी तार काढा. आसरा तहानल्या राह्यल्या. मी ओटी न भरता घरी जात नाई."

"तुमी लावली," बाबूसिंग म्हणाला, "तुमीच काढा. मी हात लावत नाई तिले."

उत्तमराव कठड्यापाशी गेला. तार तशीच होती, नेटकी, ट्यूबच्या तुकड्यांवर ताणलेली. डीपी इथून दिसत होती, पण तिचं दार बंद होतं. तीन फ्यूज असतात. घाईत माणूस दोन काढतो आणि एक राहतो. एक राहिला तर मोटर चालत नाही, नोझल फिरत नाही, सगळं आत्तासारखंच गप्प दिसतं. तार मात्र जिवंत असते. आणि फ्यूज काढणाऱ्या माणसाला दोन मिनिटांपूर्वी कळलं होतं की ही तार त्याच्यासाठी होती.

"तिन्ही काढले?" त्यानं विचारलं.

"तिन्ही."

दाखव बरं. हे दोन शब्द उत्तमरावाच्या ओठांवर आले. जन्मभर ते आले होते. वजनकाट्यापुढं, दुकानात, घरात. दाखव बरं. बाबूसिंगच्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी होतं, फुगलेलं होतं. तंबाखूची डबी असेल, फ्यूज असतील. बाबूसिंग त्याच्याकडंच पाहत होता. त्यानं खिशाला हात लावला नाही.

उत्तमरावानं शब्द गिळले. एक पाय चपलेत, एक पाय ओल्या मातीत. तो उघडा पाय बाजूला घ्यावा, काठी शोधावी, असं शरीर म्हणत होतं. त्यानं हात पुढं केला. हात मध्येच थांबला. बोटं मुडपली गेली, आपोआप, तापल्या तव्यापुढं मुडपतात तशी. त्यानं ती एकेक करून उघडली.

"अहो," गोजराबाई म्हणाली.

त्यानं तार धरली.

तार थंड होती. हिवाळ्यातल्या सावलीत लोखंड असतं तेवढीच थंड. तो तसाच उभा राहिला, मुठीत तार धरून, आणि मग कठड्यावरून ती उकलायला लागला. पेटीवरून, पायपांवरून, आपल्याच हातानं मारलेला एकेक पीळ सोडवत. गुंडाळी पुन्हा पुन्हा सुटायची. बाबूसिंग बांधावर बसला आणि तंबाखू न मळता तार पुरी निघेपर्यंत पाहत राहिला.